चाल सापडली, दार सापडेना

माझ्याकडे संध्याकाळी पेटी आणि कीबोर्ड शिकायला मुलं येतात. कीबोर्डवाल्यांना पहिल्या महिन्यात एक चाल हमखास द्यावी लागते. ती अशी:

ग ग म प । प म ग रे । सा सा रे ग । ग ऽरे रे ऽ
ग ग म प । प म ग रे । सा सा रे ग । रे ऽसा सा ऽ
रे रे ग सा । रे गम ग सा । रे गम ग रे । सा रे प़ ग
ऽ ग म प । प म ग रे । सा सा रे ग । रे ऽसा सा ऽ

सगळे स्वर शुद्ध. एक मंद्र पंचम सोडला तर सारा कारभार सा ते प या पाच पट्ट्यांत, म्हणजे बोटं एकदा ठेवली की हलवायची गरज नाही. पाचवीतल्या एका मुलानं ही दोन दिवसांत बसवली आणि विचारलं, "सर, एवढी सोपी चाल सुचायला बेथोव्हेनला किती वेळ लागला असेल?" मी म्हणालो, "एकतीस वर्षं." तो हसला. त्याला वाटलं मी फिरकी घेतोय.

उत्तर खोटं नव्हतं, पण बरोबरही नव्हतं. चाल सुचायला एकतीस वर्षं लागली नाहीत. एकतीस वर्षं लागली ती कवितेवर जीव जडल्यापासून तिला योग्य जागी बसवेपर्यंत. आणि त्यातही सगळ्यात जास्त घाम चालीनं काढला नाही, तर चालीच्या आधीच्या काही मिनिटांनी काढला. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीच्या (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) चौथ्या भागाची ही गोष्ट मला त्याच कारणासाठी तपशिलात मांडावीशी वाटते. नवी रचना 'सुचते' म्हणतात तेव्हा नेमकं काय काय घडतं, हे इतक्या जवळून दिसणारी उदाहरणं फार नाहीत.

दिसतं कारण या माणसानं कागद टाकले नाहीत. व्हिएन्नात बेथोव्हेननं बिऱ्हाडं किती बदलली याची गंमत सगळे सांगतात, पण प्रत्येक बिऱ्हाडात टिपणवह्यांचा गठ्ठा सोबत गेला. वह्या दोन जातींच्या. एक मेजावरची, मोठी, बहुतेक शाईनं लिहिलेली. दुसरी खिशातली: उरलेले स्वरलेखनाचे कागद दुमडून शिवलेली, फिरायला जाताना बरोबर घ्यायची, शिसपेन्सिलीनं खरडलेली. दुपारी तो तासन्‌तास चालायचा आणि मध्येच थांबून लिहायचा. २६ मार्च १८२७ ला तो गेला, त्याच वर्षी नोव्हेंबरात सामानाचा लिलाव झाला आणि वह्या स्वस्तात गेल्या. काहींची पानं फाडून भेट म्हणून वाटली गेली. पुढे गुस्ताव नोटेबोम नावाच्या संशोधकानं ते भयंकर अक्षर लावायचा उद्योग आयुष्यभर केला, म्हणून आज आपण त्या खोडाखोडीवर बोलू शकतो. आपल्याकडे हे अवघड आहे. पेटीवर बसून चाल लागली की तिच्याआधीच्या दहा चाली भात्यातल्या हवेबरोबर निघून जातात. संगीतकार नंतर जे सांगतो ती आठवण असते, पुरावा नसतो.

कविता शिलर या जर्मन कवीची. १७८५ ची, पुढच्या वर्षी छापली गेलेली, नाव 'आनंदास'. मित्रांच्या बैठकीत पेले भिडवून म्हणावी अशा थाटाची. जगातली सगळी माणसं भाऊ होतील, असं तिचं सांगणं. बेथोव्हेन तेव्हा बॉन या जर्मन गावात होता, वयात येत होता आणि त्या पिढीच्या तरुणांसारखाच तिच्या नादी लागला. जानेवारी १७९३ मध्ये बॉनच्या फिशेनिख या कायद्याच्या प्राध्यापकानं शिलरच्या पत्नीला पत्र लिहिलं. त्यात तो कळवतो, की इथला एक तरुण, ज्याला नुकतंच व्हिएन्नाला शिकायला पाठवलं आहे, तो ही कविता संगीतात बांधणार आहे, आणि तीही प्रत्येक कडव्यासकट. तरुण बावीस वर्षांचा होता. यातली विनोदाची बाजू अशी, की १८०० साल येईतो खुद्द शिलरचं मन त्या कवितेवरून उडालं होतं. एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं तिला चक्क फसलेली कविता ठरवलं. कवीनं सोडून दिली, गाणाऱ्यानं धरून ठेवली.

धरून ठेवली म्हणजे रोज घोटली असं नाही. वह्यांत ती अधूनमधून डोकं वर काढते. १७९८-९९ च्या सुमारास एका ओळीला चाल लावून पाहिलेली आहे. १८१२ च्या आसपास एका समारंभी वाद्यरचनेत तिचे तुकडे घालायचा विचार आहे. दोन्ही सोडून दिलेले, आणि दोन्हींतल्या चालींचा आजच्या चालीशी संबंध नाही.

आजच्या चालीचे नातेवाईक भलतीकडेच सापडतात. १७९४-९५ मध्ये त्यानं दुसऱ्याच एका कवीचं प्रेमगीत बांधलं होतं. त्यातली साधी, पायरीपायरीनं चालणारी चाल त्यानं १८०८ मध्ये पियानो, वाद्यवृंद आणि गायकवृंद यांच्यासाठी लिहिलेल्या 'कोरल फँटसी'त पुन्हा वापरली. तिचा पहिला प्रयोग २२ डिसेंबर १८०८ चा. थिएटरात कडाक्याची थंडी, कार्यक्रम चार तासांचा, पाचवी आणि सहावी सिंफनी एकाच बैठकीत, आणि सगळ्यात शेवटी ही न बसलेली फँटसी. मध्येच वादक चुकले, बेथोव्हेननं सगळ्यांना थांबवलं आणि पुन्हा सुरुवात करायला लावली. पण त्या फसलेल्या रात्री एक गोष्ट करून पाहिली गेली होती: आधी वाद्यं, मग साध्या चालीवर एकामागून एक रूपं, आणि शेवटी माणसांचे आवाज. १८२४ मध्ये प्रकाशकांना नव्या सिंफनीबद्दल लिहिताना त्यानं स्वतःच त्या फँटसीचा दाखला दिला. शेवट तसाच आहे, फक्त पुष्कळ मोठ्या मापाचा.

बाकीचं सामान आणखी विखुरलेलं. १८१२ मध्ये, सातवी-आठवी सिंफनी हातात असताना, पुढची एक डी मायनरमध्ये करावी अशी नोंद आहे. (डी म्हणजे आपली पांढरी दोन, मायनर म्हणजे कोमल गंधाराचं घर.) १८१५ च्या वहीत एक तुडतुडीत सूत्र टिपलेलं आहे, तेच पुढे नवव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागात अवतरलं. १८१८ मधली एक नोंद मला या साऱ्यांत सर्वांत कुतूहलाची वाटते. एका सिंफनीत जुन्या चर्चच्या स्वरपद्धतीतलं भक्तिगीत घालावं, शेवटच्या भागात किंवा त्याआधीच्या संथ भागातच माणसांचे आवाज हळूहळू, एकेक करून यावेत, असा त्यात बेत आहे. म्हणजे सिंफनीत माणसानं गायचं हे ठरलं होतं. काय गायचं ते ठरलं नव्हतं. शिलर त्या नोंदीत कुठेच नाही.

शिलर येतो १८२२ मध्ये. 'जर्मन सिंफनी' करायची, शेवटी गायकवृंद आणि 'आनंदास', त्यात तुर्की वाद्यं. चाल मात्र तीही वेगळीच.

तर ही अशी अवस्था: कविता एका कप्प्यात, चालीचा वंश दुसऱ्या, गाणारी सिंफनी तिसऱ्या, डी मायनर चौथ्या. बरं, माणूस रिकामा बसलेला नव्हता. शेवटचे तीन पियानो सोनाटा, 'मिस्सा सोलेम्निस' ही चर्चच्या उपासनेसाठीची प्रचंड मोठी रचना, आणि डियाबेली या प्रकाशकाच्या एका सामान्य वॉल्ट्झवर तेहतीस रूपं, हे सगळं त्याच चारपाच वर्षांत चुलीवर होतं. शिवाय कान गेलेले. १८१८ पासून भेटायला येणाऱ्यांना वहीत लिहून बोलावं लागे.

सगळे कप्पे एकाच टेबलावर उपडे कशामुळे झाले? माझं उत्तर प्रेरणेवर प्रेम करणाऱ्यांना रुचणार नाही. मोठा वाटा लंडनच्या फिलहार्मॉनिक सोसायटीच्या पन्नास पौंडांचा होता. त्याचा जुना शिष्य फर्डिनांड रीस तिथे होता. १८१७ मध्येच त्यानं दोन सिंफनी घेऊन लंडनला या, तीनशे गिनी मिळतील असं निमंत्रण दिलं होतं. बेथोव्हेन गेला नाही, पण पहिल्या भागाची टिपणं त्याच सुमारास सुरू झाली आणि थांबली. १८२२ च्या अखेरीस एका सिंफनीसाठी पन्नास पौंड ठरले आणि १८२३ मध्ये काम मन लावून सुरू झालं. तीस वर्षांच्या प्रेमानं जे झालं नाही ते मागणीनं झालं, असं मी म्हणणार नाही. पण मागणी आली नसती तर ती चार टिपणं चार वह्यांतच राहिली असती, हे मात्र मला पक्कं वाटतं.

चाल, जवळून

वर दिलेल्या चार ओळी पेटीवर वाजवून पाहा. पहिल्या दोन ओळींत एकही उडी नाही. स्वर एक तर तिथेच थांबतो, नाही तर शेजारच्या पायरीवर जातो. गाणं न शिकलेला माणूस दुसऱ्यांदा ऐकताना बरोबर म्हणू लागेल. वह्यांतून दिसतं की या दोन ओळी फारशा त्रासाशिवाय बसल्या. खोडाखोड आहे ती पुढच्या भागात, ज्याला आपण अंतरा म्हणू. तिसरी ओळ त्यानं पुन्हा पुन्हा लिहून पाहिली आहे.

का, ते स्वतः करून पाहिलं की कळतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा खेळ देतो: पहिल्या दोन ओळी तशाच ठेवा आणि तिसरी स्वतःची लावा. सगळ्यांची तिसरी ओळ एक तर वर, तार सप्तकाकडे पळते आणि साधेपणाचा बोजवारा उडतो, किंवा पहिल्या दोनांचीच नक्कल होते आणि गाणं जागच्या जागी गोल फिरतं. बेथोव्हेनच्या ओळीत ग वरून सा वर एक छोटी उडी येते, मग मध्ये 'गम' अशी दुगणीतली लहर, मग तीच लहर जरा बदलून, आणि शेवटी गाणं खाली मंद्र पंचमावर उतरतं. संपूर्ण चालीत तो पंचम एकदाच लागतो. विहिरीत पोहरा सोडल्यासारखा. आणि तळाला टेकल्याबरोबर थेट ग वर, पाच पायऱ्यांची उडी.

आता तो ग नीट पाहा. चौथी ओळ ग नं सुरू व्हायला हवी, पहिल्या मात्रेवर. पण तो एक मात्रा आधीच येतो, तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या मात्रेवर, आणि समेवरून पुढे ओढला जातो. तबल्याच्या भाषेत अनागत. माझ्या त्या पाचवीतल्या मुलानं ही जागा 'सुधारून' वाजवली होती, ग बरोब्बर समेवर. त्याची चूक नाही, मुलांच्या पुस्तकांत पुष्कळदा तशीच छापलेली असते. मी त्याला दोन्ही तऱ्हा वाजवून दाखवल्या आणि फरक विचारला. तो जरा थांबून म्हणाला, "यात त्याला राहवत नाही." मी यापेक्षा बरं सांगू शकलो नसतो. इतक्या शहाण्या, पायरीनं चालणाऱ्या चालीत आनंद नेमका कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी त्या घाई केलेल्या गंधाराकडे बोट दाखवीन.

दार

चाल तर मिळाली. आता तिला आत कसं आणायचं?

अडचण समजून घ्यायला सिंफनी म्हणजे काय ते लक्षात ठेवायला हवं. वाद्यांचं काम. पहिला भाग डी मायनर: सुरुवातीला नुसतं षड्ज-पंचमाचं पोकळ अंतर थरथरत ऐकू येतं, मधला गंधारच नाही, त्यामुळे घर कोमल की शुद्ध हेही कळत नाही, आणि मग अंगावर दरड कोसळावी तसे सूर येतात. दुसरा भाग झपाट्याचा, नगाऱ्यांचा. तिसरा संथ, अतिशय कोवळा. एवढं होईतो पाऊण तास गेलेला असतो, आणि तोवर एकही माणूस गायलेला नाही. त्यानंतर ऐंशीएक जणांनी उठून कविता म्हणायची. कोणत्या नात्यानं? लग्नाच्या मांडवात वाजंत्री चालू असताना अनोळखी पाहुणे उठून आरती म्हणू लागले तर जसं वाटेल तसं वाटणार.

हे त्याला किती छळत होतं याचा पुरावा म्हणजे पर्यायी दार. १८२३ मध्येच वहीत 'वाद्यांचा शेवट' अशा मथळ्याखाली डी मायनरमधली एक घालमेलीची चाल लिहिलेली आहे. म्हणजे गायन रद्द, कविता रद्द, नेहमीसारखा वाद्यांचा चौथा भाग. तीस वर्षं सांभाळलेली कविता बाजूला ठेवायची त्याची तयारी होती.

मग हिवाळ्याकडे, व्हिएन्नातल्या उनगारगासे या रस्त्यावरच्या घरी, तोडगा निघाला. अंतोन शिंडलर हा त्याचा मदतनीस सांगतो, की एके दिवशी तो आत शिरला तर बेथोव्हेन 'सापडलं, सापडलं!' म्हणत वही नाचवत होता. शिंडलरवर विश्वास ठेवायचा नाही हे बेथोव्हेनच्या अभ्यासकांचं पहिलं सूत्र. संवादवह्यांत त्यानं गुरूच्या मृत्यूनंतर स्वतःच्या नावानं खोट्या नोंदी घुसडल्या, हे १९७० च्या दशकात उघड झालं. पण इथे वही त्याला साथ देते. अमर शिलरचं गीत गाऊ या, अशा अर्थाचे शब्द टिपणांत खरोखर आहेत.

आणि त्या पानांवर आणखीही बरंच काही आहे. बेथोव्हेननं तिथे एक संवाद लिहून काढला आहे. गद्य, तुटक, स्वरांच्या खाली घसटलेला. आज सोहळ्याचा दिवस आहे, तो गाण्यानं साजरा व्हायला हवा, असं कुणी तरी म्हणतं. वाद्यवृंद पहिल्या भागाचा तुकडा वाजवून दाखवतो. उत्तर येतं: नको, हे नको, काही तरी जास्त गोड हवं. दुसऱ्या भागाचा तुकडा. हेही नको, ही नुसती थट्टा आहे. तिसऱ्याचा. हेही नको, फार हळवं आहे, जागं करणारं काही शोधायला हवं. मीच काही तरी गाऊन दाखवतो. आणि मग चालीची सुरुवात ऐकू आल्यावर: हेच ते, सापडलं. (शब्दशः नाही, भाव असा.)

हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबलो होतो. कारण हा संवाद रचनाकाराचा स्वतःशी चाललेला संवाद आहे. हे नको, तेही नको, हे जरा बरं पण फार मऊ. चाल लावताना पेटीसमोर बसलेला कुणीही माणूस हेच पुटपुटत असतो. बेथोव्हेननं दार शोधता शोधता, शोधणं हेच दार केलं. टिपणवही उचलून रंगमंचावर ठेवली.

मग त्यानं जे केलं त्याला मी खरी कारागिरी म्हणेन: शब्द पुसले. अंतिम स्वरलिपीत हा सगळा संवाद आहे, पण बोलतात ते चेलो आणि डबल बास, शब्दांशिवाय. चौथा भाग एका कर्कश आरोळीनं फुटतो. खालच्या पट्टीतली वाद्यं त्यावर बोलल्यासारखं काही म्हणतात, ना धड गाणं ना धड गद्य. कीर्तनात बुवा पद आणि निरूपण यांच्या मधल्या अवस्थेत असतात तेव्हाचा जो स्वर, त्याच्या जवळपासचं. पहिल्या भागाचा तुकडा, बासांचा नकार. दुसऱ्याचा, नकार. तिसऱ्याचा, जरा हळुवार नकार. मग ओबो, क्लॅरिनेट, बसून ही फुंकवाद्यं 'ग ग म प' एवढंच हलकेच सुचवतात, आणि बासांचा सूर एकदम बदलतो. शब्द नाहीत, तरी 'हां, हे!' ऐकू येतं. ज्याला वहीतले शब्द माहीत नाहीत त्यालाही ते कळतं, यातच त्या पुसण्याचं यश आहे.

यानंतर क्षणभर शांतता आणि मग ती चाल, चेलो-बासांवर, हळू आवाजात, साथीशिवाय. चोवीस आवर्तनं एकटी. रचनाशास्त्राच्या हिशेबानं हा वेडेपणाच आहे. एवढा मोठा वाद्यवृंद समोर बसलेला आणि वाजतंय काय, तर पाच स्वरांची चाल, तीही तळघरातून. पुढे व्हायोला येतात, 'बसून' हे एक फुंकवाद्य बाजूनं स्वतःचंच काही गुणगुणत चालतं (ती 'बसून'ची ओळ कान देऊन ऐका, सगळ्या सिंफनीतली ती माझी सगळ्यात आवडती जागा), मग व्हायोलिन, मग कर्ण्यांसकट सगळे.

मग ती आरोळी पुन्हा येते, आणि आता बॅरिटोन, म्हणजे भारदस्त पुरुषी आवाजाचा गायक उठतो. मित्रांनो, हे सूर नकोत, अधिक सुखाचे गाऊ या. हे शब्द शिलरचे नाहीत, बेथोव्हेनचे आहेत. वहीतल्या त्या लांबलचक संवादातून एवढीच फांदी उरली. काहींना ही पुनरुक्ती वाटते: वाद्यांनी एकदा नकार दिला, आता माणसानं परत कशाला द्यायचा? मला वाटतं त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आधी वाद्यं माणसासारखी बोलली, म्हणून माणूस वाद्यांसारखा उठू शकला.

दार उघडल्यावर पुढचं भराभर झालं असावं असं वाटतं, कारण कप्प्यांतलं सगळं सामान आपापल्या जागी जाऊन बसलं. कवितेच्या ओळींपैकी एक-तृतीयांशाच्या आसपासच घेतल्या. 'प्रत्येक कडवं' हा बाविसाव्या वर्षीचा संकल्प बावन्नाव्या वर्षी कुणाला आठवतो? पेल्याबिल्यांच्या ओळी गेल्या. १८२२ च्या नोंदीतली तुर्की वाद्यं अशी आली, की देवापुढे देवदूत उभा आहे या शब्दांवर सगळा गायकवृंद प्रचंड स्वरात थांबतो, शांतता पसरते, आणि त्या शांततेत 'बसून' वाद्यं आणि मोठा ढोल 'भुस, भुस' करू लागतात. मग झांजा आणि त्रिकोणी घंटेसह तीच चाल लंगडत, मिरवणुकीच्या बँडसारखी येते. गाभाऱ्यातून एकदम बाजारपेठेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं, आणि यायलाच हवं. त्याच्यापुढे कोट्यवधींना कवेत घेण्याच्या ओळी येतात, पुरुषांचे आवाज आणि ट्रॉम्बोन एका सुरात, जुन्या चर्चच्या वळणाचं गंभीर गायन. १८१८ मधलं ते बिनशब्दांचं, बिनचालीचं भक्तिगीत सहा वर्षांनी इथे उतरलं. आणि मग ते गायन आणि आनंदाची चाल एकमेकांत गुंफून त्यानं दुहेरी फ्यूग, म्हणजे दोन सूत्रं आळीपाळीनं एकमेकांचा पाठलाग करतात अशी रचना, बांधली.

फेब्रुवारी १८२४ मध्ये काम पुरं झालं. पहिला प्रयोग बर्लिनला करायचा त्याचा विचार आहे असं कळताच व्हिएन्नातल्या तीस जणांनी सह्यांचं विनंतीपत्र दिलं. ७ मे १८२४ ला केर्न्टनरटोर नाट्यगृहात प्रयोग झाला. पूर्ण तालमी फक्त दोन. एकल गायिका दोघी: झोन्टाग अठरा वर्षांची, उंगर वीस. वरच्या पट्टीत ताणून धरलेले सूर जरा उतरवून द्या म्हणून त्यांनी विनवलं, त्यानं ऐकलं नाही, तेव्हा उंगरनं त्याला गळ्यांचा जुलमी राजा म्हटलं. त्या भागात गायिका आजही त्याच शब्दांत बोलत असतील. ऐकू न येणाऱ्या माणसानं गळ्यांसाठी लिहिलेलं आहे हे तिथे जाणवतं, आणि भक्तांनी ते नाकारण्यात अर्थ नाही. संचालन उमलाउफनं केलं, बेथोव्हेन शेजारी उभा राहून लय दाखवत होता आणि वादकांना आधीच बजावलेलं होतं की त्याच्याकडे बघू नका. टाळ्या त्याला ऐकू येत नव्हत्या, उंगरनं त्याला प्रेक्षकांकडे वळवलं, ही आठवण खरी आहे. ते दुसऱ्या भागानंतर की शेवटी, यावर पाहणाऱ्यांचं एकमत नाही. पैसे फार उरले नाहीत, त्यावरून त्यानं रागारागानं लोकांवर आरोप केले. २३ मेच्या दुसऱ्या प्रयोगाला सभागृह अर्धं रिकामं होतं. ज्या लंडनच्या सोसायटीनं पन्नास पौंड दिले तिथे ती मार्च १८२५ मध्ये वाजली, आणि गायली गेली ती इटालियनमध्ये.

आणखी एक आठवण त्याचा शिष्य कार्ल चेर्नीच्या नावावर सांगितली जाते. प्रयोगानंतर काही काळानं बेथोव्हेन जवळच्या लोकांत म्हणाला, की शेवटचा भाग ही चूक झाली, तो काढून वाद्यांचाच लिहावा. ही आठवण दुसऱ्याच्या तोंडून आणि पुष्कळ उशिरा नोंदली गेली आहे, आणि तसा बदल त्यानं कधी केला नाही. तरी मला ती अशक्य वाटत नाही. ज्याला दार शोधायला इतका त्रास झाला त्याला ते रात्री-अपरात्री पुन्हा ठोठावून पाहावंसं वाटणारच.

त्या पर्यायी दाराचं काय झालं ते राहिलंच. 'वाद्यांचा शेवट' म्हणून लिहिलेली डी मायनरमधली ती चाल त्यानं फेकली नाही. ती वहीत दोन वर्षं पडून होती. १८२५ मध्ये ए मायनरमधल्या तंतुवाद्यांच्या चौकडीला शेवटचा भाग हवा होता, तेव्हा त्यानं ती बाहेर काढली, पट्टी बदलली आणि वापरली. त्या नोव्हेंबरात ती चौकडी व्हिएन्नात पहिल्यांदा जाहीरपणे वाजवली ती इग्नाझ शुपानझिग आणि त्याच्या साथीदारांनी. दीड वर्षापूर्वी नवव्या सिंफनीच्या पहिल्या प्रयोगात व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या तोच होता.